माहितीपटांची वही, महिना चौथा: अमेरिकेचे यादवी युद्ध आणि मुंबईचा कापूस

केन बर्न्स यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही १९९० सालची नऊ भागांची मालिका या महिन्यात एकदाची पाहून संपली. ऐवज साधारण अकरा तासांचा असला, तरी मला त्यासाठी सव्वीस बैठका लागल्या, कारण प्रत्येक भाग आधी सलग पाहायचा आणि मग वही उघडून, थांबत थांबत, पुन्हा पाहायचा हा नियम मी पहिल्या महिन्यापासून पाळत आलो आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ असते. पडद्यावर आलेली जी गोष्ट त्या काळातलीच आहे ती डावीकडे, आणि निर्मात्याने मागाहून आणून बसवलेली उजवीकडे. या महिन्यात उजवा रकाना माझ्या अपेक्षेपेक्षा बराच भरला.

सर्वांत मोठा धक्का संगीताने दिला. मालिकाभर पुन्हापुन्हा ऐकू येणारी व्हायोलिनची ती उदास धून मी बिनदिक्कत डावीकडे लिहून टाकली होती. ती ‘अशोकन फेअरवेल’ असून जे अंगर यांनी ती १९८२ मध्ये रचली, हे कळल्यावर तीन पानांवर खाडाखोड करावी लागली. तोफांचे आवाजही अर्थातच उजवीकडचे. मात्र सलिव्हन बालू या मेजरने १४ जुलै १८६१ रोजी पत्नीला लिहिलेले पत्र, जे पहिल्या भागाच्या शेवटी वाचले जाते, ते कोठे लिहावे यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शब्द त्याचे, पण आवाज नटाचा आणि मजकूर संक्षिप्त केलेला. त्यानंतर आठवड्याभरात बुल रनच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातून वाचला नाही. शेवटी ती नोंद मी रेघेवरच लिहिली.

छायाचित्रांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. मालिकेत प्रेते, छावण्या, पूल, तोफा आणि रोखून पाहणारे चेहरे मुबलक दिसतात, पण धावत्या हल्ल्याचे छायाचित्र दिसत नाही. त्याचे कारण तेव्हाच्या तंत्रात आहे. काचेवर कोलोडियन या चिकट रसायनाचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वीच काच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश देऊन, लगेच अंधारात धुवावी लागे. त्यासाठी छायाचित्रकार अंधारखोलीची घोडागाडी बरोबर नेत, आणि प्रकाश देण्यास काही सेकंद लागत असल्याने हललेली वस्तू पुसट येई. मेलेला सैनिक हलत नाही, म्हणून तो स्पष्ट दिसतो. बर्न्स यांनी या स्थिर चित्रांवरून कॅमेरा इतका सावकाश फिरवला आहे की डोळा चौकटीत कोठे थांबणार, हेही आपल्या वतीने त्यांनीच ठरवलेले असते. तसे होऊ नये म्हणून मी आता छायाचित्र वेगळे मिळवून आधी स्वतः पाहतो. गेटिसबर्गच्या लढाईवरच्या भागाच्या वेळी अलेक्झांडर गार्डनर याचे, दगडी आडोशामागे पडलेल्या बंडखोर नेमबाजाचे १८६३ सालचे प्रसिद्ध छायाचित्र असेच शेजारी ठेवले होते. तोच मृतदेह दुसऱ्या जागी टिपलेला असून तेथून तो आडोशामागे आणून मांडला होता, हे इतिहास-अभ्यासक विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. म्हणजे डावा रकानाही सोवळा नाही.

स्थानिक इतिहासाचा धागा येथेच जुळतो. मालिकेचे लक्ष रणांगणावर असल्याने मुंबईची बाजू स्वतंत्रपणे शोधावी लागते. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस तेथूनच येत असल्यामुळे इंग्लंडची नजर आपल्याकडे वळली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. त्या पैशावर बँका, भराव घालणाऱ्या कंपन्या आणि शेअरांचे वेड उभे राहिले. बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर तर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जात. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, युद्ध संपत आल्याने कापसाचे भाव उतरले आणि १ जुलैला, वायदे पुरे करण्याच्या दिवशी, मुंबईचा बाजार कोसळला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे ऐन भरात, प्रसिद्ध झाले आणि म्हणूनच ते वाचताना पुढचा कडेलोट ठाऊक असलेल्या वाचकाची विलक्षण पंचाईत होते. या तेजीमंदीवर नीट बेतलेला माहितीपट मला अजून मिळालेला नाही. तोवर राजाबाई टॉवर हाच माझा डाव्या रकान्यातला पुरावा आहे, कारण त्याचा खर्च त्याच तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला.

कापसाचा धागा पुढे गिरणगावात नेण्यासाठी ‘साचा’ हा अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा २००१ सालचा माहितीपट पाहिला. त्यात नारायण सुर्वे यांची कविता, सुधीर पटवर्धन यांची चित्रे आणि गिरणी कामगारांचे शहर एकमेकांत मिसळले आहेत. तो पाहताना शेजारचे काका मुद्दाम बोलावले होते, कारण १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. माहितीपट संपल्यावर त्यांनी माझी वही मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही रकाने वाचले आणि विचारले, “तोफांचा आवाज मागून घातला, हे लिहिलंस. आणि आमच्या खात्यातला आवाज कुठल्या बाजूला लिहिशील?” मग त्यांनी आवाज न करता, केवळ ओठ हलवून आणि हाताच्या खुणांनी, “धोटा अडकला, जॉबरला (म्हणजे मुकादमाला) बोलाव” हे वाक्य करून दाखवले, कारण चालू खात्यात शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी दुसऱ्या कोणत्याही रीतीने बोलता येत नसे. ही नोंद मी डावीकडे केली आहे.

पुढच्या महिन्यासाठी बार्बरा कॉपल यांचा ‘हार्लन काउंटी यू.एस.ए.’ ठरवला आहे. केंटकीतील खाण कामगारांच्या १९७३ च्या संपावरच्या या माहितीपटात निवेदकच नाही, त्यामुळे उजव्या रकान्यात काय येते याची मला उत्सुकता आहे. काकांना इंग्रजी फारसे येत नसल्याने मी शेजारी बसून हळू आवाजात अर्थ सांगत जाईन, असे ठरले आहे.