ताप आलेल्या माणसाची मजुरी कोण देणार?

जर्मनीतून नागपूरला फोनवर बोलताना कोरोनाचा विषय निघाला की गाडी हमखास इथल्या दवाखान्यांवर येते: खाटा किती, व्हेंटिलेटर किती. खाटा इथे खरंच भरपूर होत्या. 2020 च्या वसंतात इटली आणि फ्रान्समधले काही अत्यवस्थ रुग्णही इथे आणले गेले. पण इथे राहून माझं मत पक्कं झालंय की साथ अडवायची जागा अतिदक्षता विभाग नव्हे. अंगात ताप असलेला माणूस सकाळी कामावर जातो की घरी थांबतो, तिथेच बरंचसं ठरतं.

इथे नोकरदार आजारी पडला की सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. मार्च 2020 पासून साध्या सर्दी-खोकल्याचा दाखला डॉक्टर फोनवरच देऊ लागले, म्हणजे त्यासाठी दवाखान्यात गर्दी करायला नको. लक्षणं नसताना नुसत्या संपर्कामुळे विलगीकरणात बसवलं, तरी संसर्ग संरक्षण कायद्याच्या 56 व्या कलमाखाली बुडालेला पगार मिळत होता. मालक आधी द्यायचा, सरकार त्याला भरून द्यायचं.

आपला साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. प्रवाशांना तपासा, वेगळं ठेवा, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा करा. मजुरीबद्दल अवाक्षर नाही! 2020 मध्ये त्यात सुधारणा झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, आणि ती हवीच होती. पण नागपूरच्या सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यातल्या रोजंदारीवाल्याला विलगीकरणात नेलं, तर त्याच्या घरची चूल कशावर पेटणार, हे कायद्यात कुठेच नाही. अशा माणसाने खोकला लपवला तर मी त्याला दोष देणार नाही.

राज्य कामगार विम्यात आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. नागपुरातलं सोमवारी पेठेतलं कामगार रुग्णालय त्याच योजनेचं. मात्र घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, ठेल्यावाले त्यात बसत नाहीत.

जर्मनीलाही हे कडेच्या माणसांनीच दाखवून दिलं. जून 2020 मध्ये ग्युटर्सलोह भागातल्या एका मांस कारखान्यात 1,500 हून जास्त कामगार बाधित निघाले. त्यात बहुतेक पूर्व युरोपातले, उपकंत्राटदारांनी आणलेले, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. कारखान्यातल्या थंड हवेनेही विषाणूला साथ दिली, पण सरकारने हात घातला तो कंत्राटी पद्धतीला: जानेवारी 2021 पासून मोठ्या कत्तलखान्यांत अशा कंत्राटांवर बंदी आली.

आपल्याकडे हे अशक्य, असं मला कुणी सांगू नये. महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. मालक मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतो, त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ मिळतात. कळमन्याच्या बाजारात कुणालाही विचारा. याच धर्तीवर साथीच्या काळातल्या मजुरीचा निधी उभा करावा, आणि त्यात सरकारने आपला वाटा टाकावा. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांच्यापुढे एवढं एक ठेवाच.