समासातली प्रार्थना

उत्तर स्पेनमधलं नाखेरा गाव मागे पडलं की रिओखातली लाल माती लागते. दोन्ही अंगांना द्राक्षमळे, आणि दगडांवर, खांबांवर, घरांच्या कोपऱ्यांवर पिवळे बाण. बाण दिसला की मला ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या आठवायचे. १९८४ साली त्यांनी रंगाचे डबे गाडीत टाकले आणि बाण काढत काढत सान्तियागोला, म्हणजे ख्रिस्ताचा शिष्य संत याकोब याच्या शहराला, जाणारी ही विसरलेली यात्रेची वाट, ‘कामिनो’, पुन्हा चालती केली.

आळंदी ते पंढरपूर मी तीनदा चालले आहे. तिथे दिंडी असते, एकटं पडायची सोयच नाही. इथे सान्तियागोपर्यंतची सगळी वाट जवळजवळ ७८० किलोमीटर, बराचसा वेळ स्वतःच्याच पावलांच्या आवाजात. कुणी ओलांडून पुढे गेलं की ‘बुएन कामिनो’, वाट चांगली जावो, म्हणतं. मला त्यात ‘माऊली’च ऐकू यायचं.

असोफ्राशी मी बाण सोडले आणि डोंगराकडे वळले. टाचेला फोड आला होता, पण सान मियान दे ला कोगोया पाहिल्याशिवाय पुढे जाववणार नव्हतं. वर झाडीत सुसो हा जुना, लहानसा मठ. खाली युसो, ऐसपैस. इथल्या एका लॅटिन पोथीत हजारेक वर्षांपूर्वी कुणा साधूने ओळींच्या मधे आणि समासात अडलेल्या शब्दांचे अर्थ लिहून ठेवले, रोजच्या बोलीत. दोन टिपा तर बास्क या शेजारच्या वेगळ्याच भाषेत आहेत. बहुतेक टिपा एखाद-दोन शब्दांच्या. एके ठिकाणी मात्र प्रवचनाच्या शेवटचं लॅटिन वाक्य बोलीत आणता आणता वाढत गेलं आणि त्याची प्रार्थना झाली. ‘आमचा धनी ख्रिस्त’ याची मदत मागणारी. स्पॅनिशच्या पहिल्या लेखी खुणांमध्ये तिचं नाव घेतात. पोथी आता माद्रिदला आहे, तरी सुसोच्या त्या थंड दगडी कमानींखाली माझे डोळे भरून आले.

शेजारचं बेर्सेओ गाव गोन्सालो दे बेर्सेओचं. नावानिशी माहीत असलेला कास्तेलियनमधला, म्हणजे स्पॅनिशमधला, हा पहिला कवी. लोक शेजाऱ्याशी ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत मला लिहायचंय, असं तो सांगतो. आणि मोबदला म्हणून पेलाभर चांगली वाइन मागतो. तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच शतकात, १२९० मध्ये, आपल्याकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी मला ते सख्खे भाऊ वाटले.

पुढे गालिसिया प्रांतात एका अल्बेर्गेत, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, चिली देशातली एक बाई भेटली. साठीची, तिथल्या सान्तियागो शहरातली. तिचं शहर १५४१ मध्ये पेद्रो दे वाल्दिव्हियाने वसवलं आणि त्याला याच संताचं नाव दिलं. क्यूबातलं सान्तियागो त्याही आधीचं. लढाईत शिरताना स्पॅनिश शिपाई याच नावाचा पुकारा करत. तिची आजी मापुचे, म्हणजे चिलीच्या मूळ रहिवाशांपैकी, होती. ‘आजीची भाषा मला येत नाही,’ ती म्हणाली, ‘देवाशी बोलायला माझ्याकडे हीच एक.’ मी सुसोतली प्रार्थना तिला सांगितली. पुष्कळ वेळ ती गप्प होती. मलाही पुढे बोलवेना. समासात अंग चोरून बसलेली ती भाषा घोड्यावर चढून समुद्रापार गेली, आणि तिथे कितीक आज्यांच्या तोंडची बोली गेली. मला दोन्ही खरं वाटतं, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये संताची एक घोडेस्वार मूर्ती आहे, हातात उगारलेली तलवार. पायथ्याशी फुलं रचतात; त्या फुलांआड घोड्याखाली पडलेले मूर, म्हणजे मुसलमान. ती बाई तिथे थांबली नाही. वेदीमागचा अरुंद जिना चढून मुख्य मूर्तीला पाठीमागून मिठी मारायची इथली रीत आहे. मी तिच्या मागे रांगेत होते. तिने मूर्तीच्या खांद्यावर गाल टेकला आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. मागची माणसं खोळंबली, पण कुणी घाई केली नाही.

मग माझी पाळी आली. मी मराठीत बोलले.