रावणाची आठ तोंडं

कागद वाचवायचं माझं काम म्हणजे बहुतेक वेळ वाट बघणं. खळ मऊ होईपर्यंत, मग कागद सुकेपर्यंत. गेल्या महिन्यात एक गृहस्थ रत्नागिरीकडच्या घरातला 'जटायुवध' घेऊन आले. राजा रवि वर्मांच्या प्रेसचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, खाली प्रेसचा पत्ता कार्ला-लोणावळा. मागे फणसाची फळी, सीतेच्या पदरावर चिकटवलेली खरी जर. आणि वॉर्निश उडालेल्या आकाशात पेन्सिलीने काढलेली तोंडं, मिशा-मुकुटांसकट.

"पोरखेळ तेवढा पुसा," गृहस्थ म्हणाले.

छापातल्या रावणाला तोंड एकच. भिंगाखाली त्याचा गाल म्हणजे नुसते ठिपके: गुलाबी, पिवळे, निळसर. रंगागणिक वेगळा दगड, आणि एखादा केसभर सरकला की मिशी ओठावर उतरते. इथे एकही सरकलेला नाही. हल्लीच्या फ्लेक्सवाल्यांनी येऊन बघावं.

कागद फळीला चिकटलेला, त्यामुळे खळ मऊ करायला ओल पुढूनच द्यावी लागते. सगळ्या छापील रंगांवर थेंब टाकून पाहिला. पेन्सिलीवर नाही टाकला. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, हे मीच शिकाऊ पोरांना सांगत असतो. ओला टिपकागद ठेवला आणि तिसऱ्या तोंडाची मिशी जांभळी होऊन वाहायला लागली. कॉपिंग पेन्सिल! कोरडी असताना राखाडी, भिजली की शाई. स्पिरिट लावलं तर आणखी पसरणार. कोरडे टिपकागद दाबून थांबवलं तेव्हा डाग रुपयाएवढा झाला होता.

गृहस्थांना फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांच्या वडिलांचा फोन आला, वय ८४.

"ती मी काढलीत. आजी पोथीत दशमुख वाचायची, भिंतीवर एकच. म्हटलं, छापणारा विसरला."

"पण आठच आहेत, आजोबा."

"नववं काढताना आबांनी धरलं. पेन्सिल त्यांच्या दप्तरातली होती."

पोथी मीही ऐकलीय. तरी रावण म्हटलं की मला हाच दिसतो, एकतोंडी, तलवारवाला, आणि त्यात कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. फाळक्यांनीही या प्रेससाठी काम केलेलं. पडद्यावरचे देव तरी दुसरीकडून कुठून येणार?

मुलाला अजून पुसूनच हवंय. वडील म्हणतात, राहू दे. चित्र माझ्याकडेच आहे, आणि जांभळ्या डागाबद्दल कोणी कोणाला पैसे द्यायचे यावर तिघेही गप्प आहोत.