कळ सोडताना

मी रात्री संगणकावर लिहीत बसले आहे की खेळत, हे पलीकडच्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला भिंतीतून कळायचं. लिहिताना कीबोर्डाचा आवाज सलग, मध्येच थबकणारा, पुन्हा सुरू होणारा. खेळताना बराच वेळ शुकशुकाट, मग चार-पाच कळा अंगात आल्यासारख्या, आणि शेवटी एक जोरदार टचकन. ती शेवटची बहुतेक मी मेल्याची असायची. "काल सात वेळा मेलीस ना?" असं तो सकाळी विचारायचा आणि एक-दोनाच्या फरकानं बरोबर निघायचा.

हा सगळा प्रताप कळांखालच्या निळ्या स्विचचा. साध्या कीबोर्डात कळांखाली रबराचा एकच पापुद्रा अंथरलेला असतो. माझ्यासारख्या मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळेला स्विच नावाचं स्वतंत्र बिऱ्हाड: एक डबी, तिच्यात एक दांडा, एक स्प्रिंग आणि पितळी रंगाच्या दोन पत्र्या. दांडा वर असताना त्याचे पाय पत्र्यांना एकमेकींपासून लांब धरतात. दांडा खाली गेला की पाय बाजूला होतात, पत्र्या भेटतात आणि अक्षर उमटतं. चेरी कंपनीनं १९८३ साली आणलेल्या एमएक्स स्विचची ही रचना. कोणता स्विच कसा, हे त्याच्या दांड्याच्या रंगावरून ओळखायचं. लाल आणि काळा सरळसोट, म्हणजे लिनिअर. तपकिरी टॅक्टाइल, म्हणजे बोटाला जाणवणारा. निळा क्लिकी, म्हणजे वाजणारा. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉनसारख्या इतर कंपन्या त्याच बांध्याचे स्विच काढू लागल्या आणि रंगांना धरबंध उरला नाही. पण जाती मुळात तीनच.

निळा मला का आवडला, ते सांगायला मला एकच शब्द पुरतो: पोच. पत्र पोचलं की पोच यावी, तशी निळा स्विच प्रत्येक अक्षराची पोच देतो. त्याचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. आतला तुकडा बाहेरच्या छोट्या पांढऱ्या कॉलरला रेटत नेतो, आणि एका क्षणी ती कॉलर सटकन खाली आपटते. तोच तो टिक. चार मिलिमीटरांच्या प्रवासात २.२ मिलिमीटरला कळ दाबल्याची नोंद होते, आणि बोटाला साठ सेंटिन्यूटन, म्हणजे साठेक ग्रॅमचा रेटा द्यावा लागतो. लिहिणाऱ्या माणसाला याहून काय हवं? शब्द चुकीचा असेल, वाक्य भिकार असेल, पण निदान ते पोचलं आहे एवढी हमी.

तपकिरीबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही, आणि तेच त्याचं वर्णन आहे. त्याच्या दांड्याच्या पायाला एक बारीक उंचवटा असतो. दाबताना बोटाला मध्येच काहीतरी लागल्यासारखं वाटतं, न वाटल्यासारखंही वाटतं. सांगू की नको, अशा घोळात असलेल्या माणसाचा स्वभाव. पुष्कळ लोक त्याला 'सगळ्या कामांना चालणारा' म्हणतात. स्थळाच्या चिठ्ठीत 'मनमिळाऊ' लिहितात, त्यातला प्रकार.

तर माझं आणि निळ्याचं बरं चाललं होतं, तोवर भाचा राहायला आला. तो माझ्यामागे उभा राहून काउंटर-स्ट्राइक, म्हणजे सीएस, या गोळीबाराच्या खेळातला माझा डाव पाहत होता. अशा वेळी तरुण माणसं काही बोलत नाहीत, नुसता श्वास सोडतात. तिसऱ्या श्वासाला मी वळून पाहिलं.

"मावशी, तू निळ्यावर सीएस खेळतेस?"

"का? नेम तर माउसनं धरायचा असतो ना?"

"नेमाचं नाही म्हणत मी. तू दाबतेस वेळेवर. सोडतेस उशिरा."

मला आधी राग आला. मग त्यानं ते उलगडून दाखवलं, आणि मग जास्तच आला, कारण त्याचं बरोबर होतं. या खेळात धावता धावता गोळी झाडली की ती भलतीकडे जाते. आधी थांबायचं, मग झाडायची. पण डावीकडे जाणारी 'ए' कळ नुसती सोडली तर पात्र लगेच थांबत नाही, थोडं घसरत जातं. म्हणून जाणते खेळाडू 'ए' सोडता सोडता उलट दिशेची 'डी' क्षणभर टेकवतात. त्यानं पाय जागच्या जागी रोवले जातात. सगळी करामत त्या एका सांध्यात: एक बोट उठतं आहे, दुसरं पडतं आहे. 'ए' उठायला उशीर झाला, की दोन्ही कळा एकदम दाबलेल्या राहतात आणि वेळ फुकट जातो. शत्रू तेवढ्यात आपलं काम उरकतो.

आणि नेमकं उठण्यातच निळा आडमुठा. ज्या उंचीवर त्याची दाबल्याची नोंद होते, त्याच उंचीवर सुटल्याची होत नाही. ती खाली आपटलेली कॉलर पुन्हा उचलली जाईपर्यंत बोट आणखी वर न्यावं लागतं. घाईघाईनं एकच कळ दोनदा टेकवू म्हटलं तर दुसरी टेक वाया जाते. म्हणजे येताना मोठ्यानं हाक मारणारा आणि निघताना उंबऱ्यावर अर्धा तास बोलत उभा राहणारा पाहुणा. मी इतकी वर्षं त्याच्या येण्यावर खूष होते, जाण्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

भाच्यानं पिशवीतून मूठभर लाल स्विच काढून दिले. माझा कीबोर्ड हॉट-स्वॅप निघाला. म्हणजे सोल्डरिंगचा डाग न देता, चिमट्यानं जुना उपटून नवा खोचता येतो. लालाला पंचेचाळीस सेंटिन्यूटन पुरतात, नोंद दोन मिलिमीटरला, आणि वाटेत कसलीही खूण नाही. ना टिक, ना उंचवटा. काळाही तसाच, फक्त स्प्रिंग साठाची. दांडा खाली जातो, वर येतो, आणि नोंदीची व सुटकेची जागा जवळपास एकच. पोच अजिबात नाही. खेळात ती लागतही नाही, कारण पडद्यावरचं पात्र हललं की तीच पोच.

लिहिताना मात्र लालानं माझे हाल केले. विचार करताना बोटं कळांवर टेकवून बसायची माझी सवय. निळ्यानं ते वजन निमूट पेललं होतं. लालावर बोट जरा जड झालं की अक्षर उमटायचंच. एका परिच्छेदात सतरा काने जास्तीचे निघाले. चेरीचाच एक चंदेरी स्विच येतो, स्पीड नावाचा. तो तर १.२ मिलिमीटरलाच नोंद करतो. भाच्यानं तोही चार दिवस लावून दिला. त्यावर मी लिहिलेलं कुणाला दाखवण्यासारखं नाही.

बरं, या ०.८ मिलिमीटरच्या बचतीनं माझं काय साधणार होतं? घाईत पडणारं बोट तेवढं अंतर काही मिलिसेकंदांत काटतं. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीला हातानं जबाब द्यायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात, माझ्या वयाला त्याहून जास्तच. घर जळत असताना दाराची मूठ पुसून घेण्यातला तो फायदा. तरीही मनाला तो पटतो, हेही खरं. आपण हरलो ते बोटामुळे, हे मान्य करण्यापेक्षा स्प्रिंगमुळे, असं म्हणणं केव्हाही सुसह्य.

(याच सुमारास मी काही रात्री स्विच उघडून त्यांना बारीक ब्रशनं वंगण लावण्यातही घालवल्या. ल्यूब केल्यावर खरखर जाते आणि आवाज 'थॉक' असा येतो म्हणतात. आला. एका स्विचला पाच मिनिटं धरली, तर ऐंशी-सत्त्याऐंशी कळांचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.)

पुढच्या खेपेला भाचा स्वतःचा कीबोर्ड घेऊन आला आणि पंधरा दिवस माझ्याकडे ठेवून गेला. त्यात पत्र्याच नव्हत्या. दांड्याच्या बुडाशी एक चुंबक, खाली एक संवेदक. चुंबक जवळ येतो तसा विजेच्या वाटेवर होणारा परिणाम बदलतो आणि कळ किती खोल गेली ते मोजता येतं. एडविन हॉल यांनी १८७९ साली हा परिणाम शोधला, म्हणून हे हॉल इफेक्ट स्विच. पत्र्या एकमेकींवर आपटल्या की क्षणभर थरथरतात, आणि ती थरथर म्हणजे दहा वेळा दाबलं असं वाटू नये म्हणून साध्या कीबोर्डाला काही मिलिसेकंद वाट पाहावी लागते. इथे काही शिवतच नाही, तर थरथरणार काय?

पण त्याची खरी जादू वेगळीच. नेदरलँड्सच्या वूटिंग या कंपनीनं रॅपिड ट्रिगर नावाची सोय लोकप्रिय केली. तिच्यात नोंदीची ठरलेली रेषाच नसते. कळ कितीही खोल असो, ती जरा वर सरकली की सुटली, जरा खाली सरकली की दाबली. दशांश मिलिमीटरवर हिशेब. बोटानं सोडायचं मनात आणलं, आणि सुटलंच. माझ्या सगळ्या दुखण्यावर हे औषध होतं. मी ते अर्थातच प्रमाणाबाहेर घेतलं. सगळ्या कळा ०.१ मिलिमीटरवर लावल्या आणि एका भिंतीआड दबा धरून बसले. बोट पुढे चालायच्या 'डब्ल्यू'वर नुसतं टेकलेलं. समोरचे पाच जण कोपऱ्यावर येईपर्यंत मी श्वास रोखला. श्वास सोडला, बोट किंचित जड झालं, आणि मी आपसूक भिंतीआडून बाहेर चालत गेले. पाचांच्या मधोमध. अगदी स्वागताला गेल्यासारखी.

सोडण्याचं हे कौतुक पुढे कुठवर गेलं, तेही पाहण्यासारखं आहे. जुलै २०२४ मध्ये रेझर या कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं स्नॅप टॅप नावाचं तंत्र आणलं. 'ए' दाबून धरलेली असताना 'डी' दाबली, की कीबोर्डच 'ए' सुटली असं खेळाला कळवतो. बोट उचलायचीही गरज नाही. पुढच्याच महिन्यात काउंटर-स्ट्राइकवाल्या व्हॉल्व्हनं आपल्या अधिकृत सर्व्हरवर ते मना केलं. वापरताना सापडलात तर सामन्यातून बाहेर. भाचा यावर दोन दिवस चिडलेला होता. मला निकाल पटला. दाबायला यंत्राची मदत घ्या, मोजायला घ्या, पण सोडायचं तेवढं ज्याचं त्यानं सोडावं. तेवढंच तर मला इतक्या मेहनतीनं, एवढ्या उशिरा जमू लागलं होतं.

त्याचा कीबोर्ड परत गेला. माझ्या जुन्यावर मी आता तडजोड केली आहे, आणि ती ऐकून भाचा पुन्हा नुसता श्वास सोडतो. सगळीकडे निळे. फक्त 'डब्ल्यू', 'ए', 'एस' आणि 'डी' या चार खेळाच्या कळांखाली लाल. दाबताना पोच मागायची नाही, सोडताना अडवायचं नाही.

हे करताना एक गोष्ट मी विसरले होते. मी मराठी इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत लिहिते. तिथे उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, डाव्या हाताला काने-मात्रे. माझ्या चार मुक्या कळा म्हणजे दोन मात्रा, एक मात्रा, काना-मात्रा आणि पाय मोडायची खूण. खेळात ज्या 'डी'नं मी उजवीकडे पळते, तिनंच लिहिताना अक्षराचा पाय मोडते. त्यामुळे आता 'खेळ' लिहिताना ख वाजतो, मात्रा गप्प, ळ वाजतो. 'स्विच' लिहिताना स वाजतो, पाय मुकाट्यानं मोडतो, मग व, वेलांटी, च अशी टकटक.

परवा सकाळी नवरा म्हणाला, "काल काय करत होतीस? लिहीत असावीस असं वाटलं, पण सारखी मध्येच ठेच लागत होती."

"जोडाक्षरं होती ती," मी म्हणाले.