शेकरबुरा म्हणजे करंजीच ना?

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत चार वर्षं राहून आले, त्यामुळे दिवाळीत फराळाला बसलं की कुणीतरी विचारतंच, "तिकडेही करंजी असते म्हणे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

असते. शेकरबुरा म्हणतात. नवरोज, म्हणजे त्यांचं वसंतातलं नववर्ष, २०-२१ मार्चला, त्याच्या आधी आठवडाभर बायका एकमेकींच्या घरी जमून करतात. आकार तोच, सारणात वेलची तीच, कडेला अंगठ्याने मुरडही तशीच घालायची. गोळ्यांवर फडकं झाकायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सारण मात्र हेझलनटचं नाहीतर बदामाचं, कूट आणि साखर जवळजवळ निम्मी-निम्मी. पीठ लोणी, अंड्याचा बलक आणि आंबट साय घालून मळलेलं.

खरं काम मुरड घातल्यावर सुरू होतं. दातेरी टोकांचा छोटा चिमटा असतो, मग्गाश. त्याने वरच्या पारीला बारीक चिमटे काढत गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी उठवायची. शेजारच्या खालांनी (खाला म्हणजे मावशी, पण कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला तीच हाक) मग्गाश माझ्या हातात दिला आणि पहिल्याच चिमट्याला सारण बाहेर आलं. खोल गेलं तर पारी फाटते, वरवर गेलं तर ओव्हनमध्ये नक्षी बसते. आच मंद ठेवायची. तांबूस झाला तर तो शेकरबुरा बिघडला. तळणीचा संबंधच नाही.

नवरोजच्या तबकात शेकरबुरा हा चंद्र, शंकरपाळ्याच्या आकाराचा पाखलवा (बक्लावा, सुक्यामेव्याच्या थरांची मिठाई) हा तारा आणि गोल शोरगोघल हा सूर्य. माझा जीव शोरगोघलवर, आणि तो गोड नसतोच. पातळ पोळ्यांना लोणी लावत एकीवर एक रचायच्या, आपण चिरोट्यांना साटा लावतो तसं. आत मात्र हळद, बडीशेप, मिरी, मीठ. हळदीची खारी म्हणा ना.

आणि तो शेकीचा हलवा! शेकी हे कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचं गाव. तिथला खानाचा महाल जुन्या गावासकट २०१९ साली युनेस्कोच्या यादीत गेला. बसमधून उतरणारा प्रत्येक जण मात्र आधी हलवाईच शोधतो. हलवा हे नुसतं नाव. घावनासारखं तांदळाचं पातळ पीठ भोकाभोकांच्या नरसाळ्यातून तापल्या तव्यावर फिरवतात, त्याची जाळी होते. जाळ्यांचे थर, मधे कूट, वेलची आणि धने, वरून पाक. गोडात धने म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. आता वाटतं, धने नसते तर तो पाक घशाखाली उतरला नसता. तरी एका तुकड्यापुढे जाऊ नका, आणि चहा बिनसाखरेचाच घ्या.

दिवाळीत खालांकडे मी करंज्या नेल्या. त्यांनी एक उचलली, पुढून पाहिली, उलटी करून पाहिली आणि तोंडात टाकण्याआधी हळूच विचारलं, "नक्षी करायला वेळ नाही का झाला?"