१२० ग्रॅमचं पाकीट: नागपूर-वर्ध्याचे तीन दिवस

बीटी कापसाच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या, बियाण्याच्या पाकिटासोबत आमच्याकडे आणखी एक लहान पाकीट यायचं. मोठ्यात ४५० ग्रॅम बीटी बियाणं, लहानात १२० ग्रॅम साधं. साधं बी शेताच्या कडेने लावायचं, असा नियम होता. कारण साध्या झाडांवर ज्या अळ्या जगतात त्यांना बीटीची सवय होत नाही. त्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जुळले की अळीची प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागतो. आमच्या घरी, पांढरकवड्याजवळच्या गावात, ते लहान पाकीट गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं असायचं. गावातल्या बहुतेक घरांत तेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हा आमच्या सहा एकरांत फुटलेली निम्मी बोंडं कवडी, म्हणजे किडकी, निघाली. बाबा त्या पाकिटाकडे बघत म्हणाले होते, "आपलंच चुकलं."

मला ते कधीच पटलं नाही. नवं तंत्र आलं की त्याला आवर घालणारा नियमही येतो. पण तो नियम कोणाच्या खांद्यावर ठेवायचा, हे कोण ठरवतं? हा प्रश्न घेऊन मी गेल्या नोव्हेंबरात पुण्याहून नागपूरला गेले. कापसाचं यंत्रयुग आणि कापसाचं बीटीयुग दोन्ही पाहायची तर महाराष्ट्रात याहून चांगलं ठिकाण नाही.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीतच जावं, तेव्हा शेतात बोंडं असतात. उन्हाळ्यात हा बेत आखूच नये. मुक्काम सीताबर्डीत केला की मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात. आणि दिवस सोमवार ते शुक्रवारमधलेच धरा, संशोधन संस्था शनिवार-रविवारी बंद असतात.

पहिल्या दिवशी मामांना सोबत घेतलं. मामा एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, होते, २००२ साली मिल बंद होईपर्यंत. कॉटन मार्केट स्थानकावर उतरून गांधीसागर तलावाकडे चालत गेलो. हाच जुना जुम्मा तलाव. मिलच्या जागेवर आता मॉल आहे, त्यामुळे इथे "पाहायला" फार काही नाही. म्हणून सांगते, जुन्या मिल कामगाराला बरोबर घ्या. महाल, इतवारी, गांधीबाग भागात अशी माणसं अजून भेटतात आणि मन लावून सांगतात.

जमशेटजी टाटांनी इथली दलदलीची जागा घेतली तेव्हा एका स्थानिक सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला, म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. पुढे त्यानेच म्हटलं म्हणे, की याने माती टाकली आणि सोनं काढलं. ही गोष्ट मामांनी मला लहानपणीही सांगितली होती. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली. जागेची निवड मात्र पूर्ण हिशेबी होती: वऱ्हाडचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि मुंबईची रेल्वे १८६७ सालीच नागपूरला पोचलेली. इंग्लंडचं लँकेशायर म्यूल या जुन्या कताई यंत्रावर विसंबून होतं तेव्हा, १८८०च्या दशकात, इथे रिंग या नव्या पद्धतीच्या चात्यांवर प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले.

मामा एका जागी थांबले. "इथं आमचं खातं होतं. भोंगा झाला की पाळी बदलायची. आमच्या टाइमाला सूत तुटलं की जाऊन सांधायचं, बस, तेवढंच आयुष्य."

मी पेन्शनबद्दल विचारलं. एम्प्रेस मिलने १८८६ साली पेन्शन फंड काढला, १८९५ साली अपघाताची भरपाई, १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी. कायद्याने हे सक्तीचं होण्याच्या कितीतरी आधी. यंत्र वेगाने फिरलं तर हात तुटणार, म्हातारपण लवकर येणार. त्याचा भार यंत्राच्या मालकाने उचलावा, हे इथे कोणीतरी मान्य केलं. माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला असं मॉलच्या पार्किंगजवळ मिळालं.

पण ते अर्धंच. संध्याकाळी गोळीबार चौकाकडे कोष्ट्यांच्या वस्तीतून फिरताना मामाच म्हणाले, "आत होते त्यायले पेन्शन. भाईर बसून लुगडी विणत होते त्यायचं काय?" मिलचं सूत हातमागाला मिळालं, आणि मिलच्याच कापडाने हातमागाची गिऱ्हाइकं नेली. फाटकाबाहेरच्या माणसाला कोणताच फंड नव्हता. या भागात पायीच फिरा, रिक्षातून काही दिसत नाही. फिरायला निघण्याआधी तर्री पोहे खाऊन घ्या, सकाळी दहानंतर चांगले मिळत नाहीत.

दुसरा दिवस केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा. १९७६ साली सुरू झालेली ही संस्था वर्धा रोडवर पांजरीला आहे. मेट्रोने खापरीला शेवटच्या स्थानकावर उतरायचं आणि पुढे ऑटो करायचा, परतीचंही तेव्हाच ठरवून. मी दोन आठवडे आधी पत्र पाठवून वेळ घेतली होती, म्हणून सगळं नीट दाखवलं. आदल्या दिवशी दुसऱ्या एका संस्थेच्या फाटकावरून मात्र पत्र नसल्याने मला परत यावं लागलं. तेव्हा पत्र पाठवाच, त्यात कशासाठी येताय आणि किती जण ते लिहा, ओळखपत्र जवळ ठेवा. शेतकऱ्यांचा गट नेलात तर सर्वांत उत्तम. त्यांचे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत.

इथे मी सर्वाधिक वेळ सघन लागवडीच्या प्लॉटवर घालवला. आमच्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, ऐसपैस अंतर ठेवायची सवय. इथे ओळींत ९० आणि झाडांत १५ सेंटीमीटर, म्हणजे हेक्टरी ७४ हजार झाडं. झाड लहान, बोंडं थोडी, पण ती एकदम फुटतात आणि पीक लवकर निघतं. गुलाबी बोंडअळी हंगामाच्या उत्तरार्धात जोर धरते, त्यामुळे पीक लवकर संपवणं हाच मोठा बचाव. मात्र एवढी झाडं लावायची तर बी स्वस्त हवं, घरचं ठेवता आलं तर आणखी बरं. संकरित बियाण्यात ते जमत नाही, आणि भारतात बीटी आलं ते मुख्यतः संकरित वाणांतूनच. सार्वजनिक संस्थांनी २००९ मध्ये बीकानेरी नरमा हे बीटीचं सरळ वाण आणलं होतं, ज्याचं बी शेतकऱ्याला पुन्हा पेरता आलं असतं. त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली आणि ते थांबलं. त्या एका चुकीने आमच्यासारख्या कोरडवाहू लोकांचा केवढा तोटा झाला, हे त्या प्लॉटवर उभं राहिल्यावर फार लागलं.

मी १२० ग्रॅमच्या पाकिटाचं विचारलं. माहिती देणाऱ्या शास्त्रज्ञांनी शांतपणे सांगितलं की आता साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून देतात. म्हणजे शेतकऱ्याने वेगळं काही करायचंच नाही. मी क्षणभर गप्प झाले. सहा एकरवाल्याने आपल्या कडेच्या ओळी सगळ्या तालुक्याच्या भल्यासाठी अळीला सोडाव्यात, ही अपेक्षाच अवाजवी होती. बियाणं भरतानाच मिसळणं सोपं होतं. आपलं चुकलं नव्हतं, बाबा.

बाबांना नागपूर आणखी एका कारणासाठी आठवतं. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्यावर देशभरात सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक इथे होती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः ऐकायला बसत. बाबा एसटीने आले होते. ९ फेब्रुवारीला बीटी वांग्यावर स्थगिती जाहीर झाली. घरी आल्यावर त्यांचं म्हणणं वेगळंच होतं: "वांग्याचं लोकायले विचारलं. कापसाचं २००२ साली आमाले कोणी विचारलं?" आज गावोगाव परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं, ज्याला सगळे चोरबीटी म्हणतात, पेरलं जातं. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून पेरलं जातं. त्यात फसलेल्याला ना पावती, ना तक्रारीची सोय. ज्याला विचारलं नाही तो आपला निर्णय चोरून घेतो, असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी मामांना घेऊन सकाळच्या गाडीने वर्धा. काही गाड्या वर्धा स्थानकावर थांबतात, काही सेवाग्रामला, तिकीट काढताना बघून घ्या. सेवाग्राम आश्रमात बहुतेक जण जातात, पण माझा आग्रह मगन संग्रहालयासाठी आहे. १९३८ साली गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. चरखे, घाण्या, ग्रामोद्योगाची अवजारं. निदान दोन तास काढा.

चरखा म्हणजे यंत्राला विरोध, असं आपण समजतो. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी चक्क एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचा: खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, आठ तासांत १६ हजार फूट सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या वर नसावी, वीस वर्षं टिकावा, वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत व्हावी. कातणाऱ्या बाईला काय परवडेल ते आधी ठरवलं आणि मग शोधकाला बोलावलं. सगळ्या अटी पुरवणारं यंत्र कोणालाच करता आलं नाही. बक्षीस दिलं गेलं नाही, पण अटी सैल केल्या नाहीत. बियाण्याच्या पाकिटावर अशी एक अट कोणी घालून दिली असती, तर?

मामा एका चरख्यासमोर बराच वेळ उभे होते. तिथल्या ताईंनी कातायला दिलं तेव्हा सूत दोनदा तुटलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी न बघता बोटांच्या एका पिळाने सांधलं.

परतीच्या गाडीत बाबांचा फोन आला. पतंगांना ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यांत पतंग वाढलेत म्हणाले, अळी शिरल्याने न उमललेल्या डोमकळ्याही दिसतात. मी संस्थेत ऐकलेलं सांगितलं, की यंदा फरदड, म्हणजे पीक लांबवून जादा वेचणी, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाका, नाहीतर अळी पुढच्या हंगामाला तयारच राहील.

"उपटतो ना," बाबा म्हणाले. "पण जानेवारीची वेचणी सोडायची, तर तिचे पैसे कोण देईन?"