नवं बाळ बघायचं कसं? पहिले पंधरा दिवस

बाळ जन्मलं की घरातले सगळे त्याच्याभोवती जमतात आणि नुसते बघत बसतात. बसावंच. फक्त काय बघायचं ते ठाऊक असलं, तर नवल आणखी वाढतं आणि निम्मी भीती आपोआप जाते.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, प्राणवायू नाळेतून मिळतो. जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांबरोबर हा द्रव शोषला जातो, हवा आत शिरते आणि रक्ताची वाटच बदलते. एवढी मोठी उलथापालथ, पण बाहेरून दिसतो तो फक्त टाहो. हातापायांचे तळवे पहिले एक-दोन दिवस निळसर दिसू शकतात. ओठ आणि जीभ गुलाबी असली की चिंता नाही, पण ओठ निळे पडले तर क्षणभरही थांबू नये.

बाळाचा श्वास मिनिटाला साधारण 40 ते 60 असतो, आणि तो एका लयीत चालत नाही. झोपेत पाच-दहा सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. म्हणून दहा सेकंद मोजून सहाने गुणू नये. पोटाच्या हालचालीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावं. बाळ शांत असतानाही आकडा 60 च्या वर राहिला, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ कण्हू लागलं, तर लगेच डॉक्टर गाठावा.

आता दूध. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आई आणि बाळ ठीक असतील तर जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. थोड्या वेळाने ते मान हलवतं, हात चाटतं आणि सरकत सरकत स्तनापर्यंत पोचतं. कुणी शिकवलेलं नसतं! ही धडपड पुरी होऊ द्यावी, घाई करू नये. पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिवळसर चीक एका वेळी जेमतेम चमचाभर असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाला लागतोही तेवढाच. पण ‘दूधच उतरत नाही’ म्हणून घरात पावडरचा डबा येतो. वरचं दूध प्यालेलं बाळ अंगावर कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी तयार होतं. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध सुरू केलं असेल तर गोष्ट वेगळी.

पाजताना बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत हवेत. स्तनाग्र वरच्या ओठाला लावावं आणि बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांबावं. मग बाळाला स्तनाकडे आणावं, आईने वाकून स्तन बाळाकडे नेऊ नये. पकड नीट बसली की हनुवटी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि ओढल्यानंतर गिळल्याचा आवाज येतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा आईला सतत दुखत असेल तर पकड चुकली आहे. तेव्हा बाळाला ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण. तोंड उघडून मान वळवणं, मूठ चोखणं या आधीच्या खुणा, त्या दिसल्या की लगेच घ्यावं.

पोट भरतंय का, ते लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, मग रोज थोडी वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. शी आधी डांबरासारखी काळी आणि चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल तर दूध पुरत नाही असं समजून बाळाला दाखवावं. वजन आधी थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा दोन आठवड्यांत भरून आलं नाही, तर तपासणी हवीच.

काही गोष्टी उगाच घाबरवतात. आईच्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती फुगते, कधी दुधाचा थेंबही येतो. मुलीच्या लंगोटाला पहिल्या आठवड्यात रक्ताचा डाग लागू शकतो. छाती दाबू नये, सगळं आपोआप जातं. शिंका, उचक्या, दचकून हात फेकणं हेही नेहमीचंच. टाळू उडताना दिसते, तीही. ती खोल गेली किंवा शांत बाळाचीही ताणून फुगली, तर मात्र दाखवायला हवं.

कावीळ पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. दिवसाच्या उजेडात कपाळावर, मग छातीवर बोट दाबून सोडावं आणि कातडी पिवळी दिसते का ते बघावं. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. पहिल्या 24 तासांतच दिसला, तळव्यांपर्यंत पोचला किंवा बाळ पेंगुळून पिईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. कोवळं ऊन हा त्यावरचा उपचार नाही.

नाळ कोरडी ठेवावी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला काही लावू नये. झोपवायचं ते नेहमी पाठीवर, घट्ट गादीवर, उशी न देता. काखेतला ताप 37.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा 36.5 च्या खाली आला आणि कपडे कमी-जास्त करूनही बदलला नाही, तर फोन करून थांबू नये, बाळाला घेऊन जावं. ताप 38 असेल तर तेवढीही वाट बघू नये. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळापासून लांब राहावं, मग नातं कितीही जवळचं असो.

बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावर. तिचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखतं. म्हणून बोलताना चेहरा तेवढ्याच अंतरावर आणावा, एक वाक्य बोलून थांबावं, उत्तर यायला वेळ द्यावा. बाळाने तोंड फिरवलं तर ते दमलंय, खुळखुळे वाजवून परत वळवू नये. साधारण सहाव्या आठवड्यापासून ते आपल्याकडे बघून हसू लागतं. तीन महिने झाले तरी हसत नसेल, तर लसीच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगावं.